माणशी महिना दीड हजारात ताकदीचं जेवण कसं बसवायचं? (मराठवाड्यातल्यांनी जरूर लिहा)

खोली_नंबर_सात (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. मी मूळचा माजलगाव तालुक्यातला. इथं स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, खोलीवर आम्ही दोघं आहोत. यंदा घरचं सोयाबीन पाण्यात गेलं, म्हणून मेस बंद केली. आता जेवणावर माणशी दीड हजाराच्या वर जाता येत नाही. गॅसचा खर्च वेगळा धरलाय.

खोलीत छोटा गॅस, तीन लिटरचा कुकर, एक तवा आणि दोन पातेली आहेत. वरण-भात आणि खिचडी येते, पोळ्या जेमतेम जमतात, भाकरी थापता येत नाही. सध्या सकाळी चहा-खारी, दुपारी भात, संध्याकाळी वडापाव असं चाललंय. पोट भरतं, पण अभ्यासाला बसलं की तासाभरात झापड येते.

घरी पैसे मागायचे नाहीत, हे ठरलेलं आहे. तेवढं सोडून जे सुचेल ते सांगा. कुठून घ्यायचं, काय घ्यायचं, काय शिजवायचं.

मोंढ्यातला (जालना)

भाऊ, मी आडतीवर कामाला आहे, म्हणून आधी खरेदीचं सांगतो. सगळ्यात जास्त पैसा पुडीत जातो. पावशेर डाळ, दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांचं तिखट असं गल्लीतून रोज आणलं की महिन्याचा हिशेब कधीच बसत नाही. दोघं आहात ना, मग महिन्याचं धान्य एकदम भरा. तुम्हाला जाधववाडीचा मोंढा जवळ आहे. किरकोळ देणारी दुकानं तिथंही आहेत.

आमच्या इकडच्या आजच्या भावानं एका माणसाचा महिना मांडून दाखवतो. भाव पाच-दहा रुपये इकडंतिकडं होतील. ज्वारी 8 किलो, 40 ने 320. तांदूळ 4 किलो, 45 ने 180. डाळी आणि कडधान्य मिळून 3 किलो, 320. तेल एक लिटर 150. शेंगदाणे एक किलो 130. हे झाले 1100. उरले 400. त्यात कांदा, मिरची, मीठ, भाजी, दळण आणि जमेल तशी अंडी.

आता या यादीत पैसे कसे वाचवायचे ते बघ. डाळ मिलमधून तुकडा डाळ निघते. चव तीच, शिजते लवकर आणि अख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळते. लातूर, जालना इथं मिल भरपूर आहेत, त्यामुळे आपल्या भागात तुकडा सहज सापडतो. तांदळाचंही तसंच. खिचडीला अख्खा तांदूळ कशाला पाहिजे, कणी घे. ज्वारीत मालदांडी शाळू सगळ्यात महाग असतो. खरिपाची हायब्रीड ज्वारी त्यापेक्षा कमी भावात येते. भाकरी थोडी काळपट होते, पण पाऊस लागलेली, बुरशीची नसली की खायला उत्तम.

आणि वेळ बघून घ्यावं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. हरभरा आणि शाळू त्याच्या मागोमाग. मूग-उडीद पोळ्याच्या पुढं. माल नवीन येतो तेव्हा चार पैसे उतरतात. 2015 साली तूर डाळ दोनशेच्या घरात गेली होती. तेव्हा ज्यांनी घरात हरभरा, मटकी, हुलगे ठेवले होते त्यांचं जेवण फार बिघडलं नाही. एकाच डाळीवर घर चालवायचं नाही, हे मी तेव्हा इथं बसून बघितलंय.

बालाघाट

माजलगावचा आहेस म्हणतोस, मग ज्वारी विकत कामून घेतोस? घरी रब्बीला शाळू पेरत असतील की. गावाकडून येणाऱ्या गाडीत पोतं टाकायला सांग. पैसे मागणं वेगळं आणि घरचं धान्य आणणं वेगळं, त्यात कमीपणा काही नाही.

खोली_नंबर_सात

@बालाघाट, घरी खायपुरती ज्वारी असते. आई मागच्या खेपेला देतच होती, मी नको म्हणालो. कारण भाकरीच येत नाही.

दुधनाकाठ (परभणी)

बाळा, भाकरी येत नाही म्हणून ज्वारी सोडू नको. ज्वारीचं भाकरीशिवाय खूप काही होतं.

पहिलं म्हणजे कण्या. गिरणीत सांगायचं, ज्वारी जाडसर भरडून दे. चाळून पीठ वेगळं काढायचं. ते धपाट्याला होतं. उरलेल्या कण्या रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी चौपट पाणी, मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्यायच्या. वरून ताक, कांदा, हिरवी मिरची. एका वाटीत दोघांचं पोट भरतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. माझ्या सासरी उन्हाळाभर सकाळी हेच असायचं.

दुसरं म्हणजे धपाटे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, मूठभर कणीक, तिखट, मीठ, हळद, ओवा, लसूण. घरात असेल तो पाला बारीक चिरून घाल, मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात, काहीही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटायचं. थापायला भाकरीएवढं कसब लागत नाही. दोन दिवस टिकतात, अभ्यासिकेत डब्यात नेता येतात.

तिसरं म्हणजे चकोल्या. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि उकळत्या आमटीत सोडायची. एकाच पातेल्यात डाळ आणि धान्य दोन्ही होतं. हुलग्याचं पीठ मिळालं तर शेंगोळे कर. थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि भाकरी शीकच. पीठ ताजं पाहिजे, ते जुनं झालं की कितीही मळलं तरी चिरा पडतात. म्हणून आठवड्यापुरतंच दळायचं. सुरुवातीला उकळतं पाणी घालून मळ म्हणजे पीठ धरतं. लहान थाप, तळहाताएवढी. मोठी हळूहळू जमते.

वाळूज_नाईट_शिफ्ट

ज्वारीचं कौतुक सगळेच करतात म्हणून एक सांगतो. आमच्यासारख्यांना भाकरी आता परवडत नाही. रेशनचा गहू-तांदूळ फुकट मिळतो, ज्वारी मात्र रोख पैसे देऊन आणावी लागते. आम्ही पाच माणसं, एक पगार. रोज भाकरी केली तर भाजीला काय उरणार?

मोंढ्यातला

@वाळूज_नाईट_शिफ्ट, बरोबर आहे तुमचं. ज्याला रेशन मिळतं त्याने गहू-तांदूळ तिथूनच घ्यावा आणि वाचलेला पैसा डाळीत घालावा. मी ज्वारी म्हणालो ते या दोघा पोरांसाठी, एकाच्या घरी ती पिकते म्हणून.

अंगणवाडीतली_ताई (हिंगोली)

सगळ्यांनी लिहिलेलं वाचलं. मोंढ्यातल्या दादांनी जी यादी दिली तिचा मी बसून हिशेब केला. 8 किलो ज्वारी म्हणजे दिवसाला साधारण 265 ग्रॅम, तिच्यातून 26 ग्रॅम प्रथिनं. भातातून 9-10, डाळ-कडधान्यातून 21-22, शेंगदाण्यातून 8. एकूण 65 ग्रॅमच्या आसपास. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आहे. उष्मांकही तेलासकट 2100 च्या पुढं जातात. बसून अभ्यास करणाऱ्याला तेवढे लागतात. म्हणजे दीड हजारात जेवण पूर्ण होऊ शकतं, हे कागदावर तरी पक्कं आहे.

पण ते डाळ आणि शेंगदाणे यादीत राहिले तरच. पैसे कमी पडले की लोक सगळ्यात आधी डाळ पातळ करतात. आमटी पाण्यासारखी होते, भात तेवढाच राहतो, किंबहुना वाढतो. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगात त्राण नसतं. तुला झापड येते तिचं कारण मला हेच दिसतं. सकाळी खारी, संध्याकाळी वडापाव म्हणजे दिवसभर मैदा आणि तेल. तेवढ्याच पैशात घुगऱ्या किंवा उकडलेला हरभरा होतो.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. म्हणून भाकरी-वरण, भाकरी-पिठलं, खिचडी अशी जोडी एका जेवणात असू दे. मटकी, मूग मोड आणून खा, मोडामुळं क जीवनसत्त्व वाढतं. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळ म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नको, चहा ते लोह अडवतो. तासभर मागंपुढं घे. एवढ्याला एक पैसा लागत नाही.

या यादीत एक उणीव आहे. बी-12 धान्यात आणि डाळीत नसतं. त्यासाठी दूध, दही, ताक किंवा अंडं यातलं काहीतरी ठेवावंच लागेल. अंडं खात असशील तर आठवड्याला चार-पाच. सात रुपयांच्या आसपास एक मिळतं, 400 मधून ते निघतं.

आणखी एक गोष्ट लिहिते, ती या पोरासाठी नाही, घर चालवणाऱ्यांसाठी आहे. घरात खाणं कमी पडलं की ते सगळ्यांच्या ताटात सारखं कमी पडत नाही. बाई शेवटी जेवते. तिच्या वाट्याला आमटीचं वरचं पाणी आणि अर्धी भाकर येते. माझ्याकडं येणाऱ्या गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन बघते तेव्हा त्यांच्या घरचं पातेलं मला डोळ्यांसमोर दिसतं. वाढतानाच सगळ्यांची डाळ वाट्यांत काढून ठेवा, तिची वाटीसुद्धा. स्वस्तातलं जेवण बसवताना आधी हे बसवा.

तेरणा (धाराशिव)

ताईंनी शेवटचं लिहिलं ते प्रत्येक घरात वाचलं पाहिजे.

वाळूज_नाईट_शिफ्ट

ताई, आजपासून आमच्याकडं वाट्या काढून ठेवतो.

मांजराकाठ (लातूर)

सोयाबीनवर कुणीच कसं बोललं नाही? आमच्या लातूर भागात घराघरात पोती पडलेली असतात, सगळं बाजारात जातं आणि खायला आपण बाजारातून डाळ आणतो. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला 36 ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत. तूर डाळीच्या दीडपट. भाव तिच्याहून बराच खाली.

फक्त कच्चं खायचं नाही, कच्च्यात पचनाला अडवणारे घटक असतात. आमच्याकडं आम्ही आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळतो, उन्हात कडकडीत वाळवतो, मग थोडं भाजून गव्हात मिसळून दळतो. नऊ किलो गव्हाला एक किलो. चवीत फरक कळत नाही. त्याच्यावर गेलं की वास येतो आणि लेकरं खात नाहीत. बाजारातल्या सोयावड्या मात्र पुडीत घेऊ नका, सुट्या किलोवर घ्या. मूठभर वड्या खिचडीत टाकल्या की झालं.

@खोली_नंबर_सात, घरचं सोयाबीन पाण्यात गेलं म्हणालास. भिजून काळं पडलेलं, बुरशी धरलेलं सोयाबीन खायला अजिबात वापरू नका. नुकसान सोसवत नाही म्हणून लोक असलं धान्य घरात ठेवतात. ते खाऊन दवाखान्यात जाण्यापेक्षा फेकलेलं बरं.

गोदाकाठ (नांदेड)

इथं नांदेडला शिकणाऱ्या कुणी हा धागा वाचत असेल तर त्याच्यासाठी: हुजूर साहिबला लंगर आहे. जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं. माझ्या कॉलेजच्या वर्षांत महिन्याची अखेर मी तिथं काढलीय. जेवल्यावर भांडी घासायला, पोळ्या लाटायला सेवेला उभं राहता येतं. मला पोळ्या तिथंच आल्या.

तेरणा (धाराशिव)

शिवभोजनही आहे. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालं. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. दुपारचंच असतं आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून लवकर जावं लागतं. आपल्या भागातलं केंद्र चालू आहे का ते आधी बघून ये. अभ्यासिकेच्या जवळ असेल तर दुपारचं तिथं, रात्रीचं खोलीवर असं बसवता येतं.

कोयत्याच्या_घरचा (बीड)

माझे आई-बाप दर साल दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. म्हणून रेशनचं मला नीट माहिती आहे, ते सांगतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डाला महिन्याला 35 किलो धान्य आहे आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. आणि 'एक देश एक रेशन कार्ड'मुळं ते कुठल्याही दुकानातून अंगठा लावून घेता येतं. आधी कारखान्यावर गेलं की सहा महिने रेशन बुडायचं. आता बाप तिकडंच उचलतो आणि आजीपुरतं गावात ठेवतो. म्हणजे कार्ड गावाचं असलं तरी तुला संभाजीनगरच्या दुकानातून तुझ्या वाट्याचं घेता येईल. फक्त तू घेतलेलं घरच्या कोट्यातून वजा होतं, म्हणून घरी विचारून घे.

आता कार्ड कोणतं ते बघ. केशरी कार्डाचे जे शेतकरी या कायद्यात बसत नाहीत, त्यांना मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत धान्याऐवजी खात्यावर पैसे येतात. 2023 ला माणशी महिन्याला 150 होते, पुढच्या वर्षी 170 केले. हे पैसे बऱ्याच घरांत आधार जोडलेलं नाही म्हणून अडकलेत. तुमच्या घरात पाच माणसं असतील तर महिन्याला 850 होतात. तहसीलच्या पुरवठा विभागात एकदा चौकशी करायला सांग.

आणि हे सगळं घेताना मान खाली घालू नको. हा आपला हक्काचा घास आहे, कुणी उपकार म्हणून दिलेला नाही.

अभ्यासिका_औरंगपुरा

वसतिगृहात नंबर लागला नसेल आणि कॉलेजला प्रवेश असेल तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला 51,000, त्यात जेवणाचे 28,000 धरलेले आहेत. इतर मागासवर्गीयांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसे हप्त्यानं आणि उशिरा येतात, म्हणून त्यावर महिना अवलंबून ठेवू नका. पण अर्ज सोडू नका. नुसत्या क्लासला असणाऱ्यांना हे लागू होत नाही, कॉलेजचा प्रवेश लागतो.

बहात्तरची_आठवण (अंबाजोगाई)

मी आता सत्तरी ओलांडली. 72 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलो होतो. तेव्हा रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, लेकरांना सुकडी मिळायची. मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती. आईनं तिच्याबरोबर तरोटा, घोळ, तांदुळजा, कुर्डू, जे हिरवं दिसेल ते खुडून शिजवलं, म्हणून आम्ही भावंडं तगलो.

आता तुम्ही शहरातली पोरं रानात कुठं जाणार? पण आठवडी बाजारात या भाज्या घेऊन बायका बसतात. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, अंबाडी. थंडीत हरभऱ्याची भाजी. वाळलेली हरभऱ्याची भाजी तर वर्षभर मिळते. चमचाभर तेलात लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर भाजी, पाणी आणि थोडं ज्वारीचं पीठ लावून घोटायची. दोघांना पुरते. शेवग्याचा पाला तर कुणी विकतही नाही, झाड असलेल्या घरी मागितला की देतात. रानातून स्वतः खुडणार असाल तर तणनाशक मारलेल्या वावरातलं, बांधावरचं घेऊ नका. आमच्या वेळी ही भीती नव्हती.

दुधनाकाठ (परभणी)

काकांनी अंबाडीचं नाव काढलं. अंबाडीची भाजी तूर डाळीत आणि कण्यांत घोटली की आंबटपणामुळं चिंच-टोमॅटो लागत नाही. वरून लसणाची फोडणी. एवढ्यावर दोन्ही वेळा निघतात.

खोली_नंबर_सात

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं. घरी फोन केला होता. कार्ड केशरी आहे आणि पैसे आईच्या खात्यावर येत नाहीत, बाप्पा सोमवारी तहसीलला जाणार आहेत. ज्वारीचं अर्धं पोतं पुढच्या आठवड्यात येतंय. दोन शंका राहिल्या. गॅस लवकर संपतो, तो कसा वाचवू? आणि भाजी आम्ही रात्री उशिरा हातगाडीवरून घेतो, ती महागच पडते.

वाळूज_नाईट_शिफ्ट

गॅसचं मी सांगतो. डाळ, कडधान्य भिजवल्याशिवाय चढवायचं नाही. सकाळी जाताना भिजत घाल, रात्री कर. कुकरात खाली डाळ, वर डब्यात भात, त्याच्यावर बटाटा किंवा अंडी ठेव. एका शिट्टीच्या गॅसमध्ये तीन कामं. खिचडी किंवा वरण जाड बुडाच्या पातेल्यात करत असशील तर दहा मिनिटं चांगली उकळी आणायची, घट्ट झाकण ठेवायचं, गॅस बंद करून पातेलं जुन्या वाकळीत गुंडाळून ठेवायचं. तासाभरात आतल्या आत शिजतं. भिजवलेली मुगाची डाळ तर हमखास. राजमा, छोले असं करू नका, ते पूर्ण उकळूनच शिजले पाहिजेत. उरलेलं गुंडाळून रात्रभर ठेवायचं नाही, उन्हाळ्यात आंबतं.

तेरणा (धाराशिव)

भाजीसाठी रविवारी जाफर गेटचा बाजार. दुपारी गर्दीच्या वेळी नको, दिवस मावळायला आल्यावर जा. गावाकडून आलेल्यांना माल परत न्यायचा नसतो, वाटे लावून देतात. कांदा, बटाटा, तांबडा भोपळा, गाजर असं टिकणारं आठवड्याचं घ्या. पालेभाजी दोन दिवसांचीच. मेथीच्या, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या टाकू नका. दोडक्याच्या शिरांची तीळ-शेंगदाणे घालून चटणी होते. आणि घासाघीस दुकानदाराशी करा, चार जुड्या घेऊन बसलेल्या म्हातारीशी करू नका.

मोंढ्यातला (जालना)

अर्धं पोतं येतंय म्हणून ज्वारी ठेवण्याबद्दल. आल्या आल्या गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दे. दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. थंड झाल्यावरच झाकणाच्या डब्यात भर, गरम भरली तर आत घाम धरते. मधूनमधून सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल. बाजारात कीड मारायच्या गोळ्या मिळतात, त्या खोलीत आणायच्याच नाहीत. झोपता त्याच खोलीत त्यांचा विषारी वायू जीव घेतो. डबा जमिनीवर न ठेवता विटांवर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब. आणि पावसाळी दिवसांत झाकण काढायचं ते दळण काढण्यापुरतंच.

ज्वारी घरची आली म्हणजे यादीतले 320 वाचले. ते अंड्यांना आणि ताकाला ठेव.

खोली_नंबर_सात

ठरलं. हरभरा आजच भिजत घातलाय. @दुधनाकाठ ताई, कण्यांसाठी गिरणीवाल्याला नेमकं काय सांगू? लापशीएवढं जाड की त्याहून बारीक?

दुधनाकाठ (परभणी)

रव्याहून जाड, लापशीहून थोडं बारीक सांग. भरडण्याआधी ज्वारीला पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेव, म्हणजे वरचा कोंडा सुटतो आणि कण्या मोकळ्या निघतात. पहिल्यांदा किलोभरच भरड, ओलीमुळं जास्त दिवस ठेवता येत नाही.